काचेआडची वाफ आणि नोव्हेंबरचे अपडेट

पत्राचा गोषवारा: नाशिकच्या एका त्रेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेने गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, स्वतःच्या बचतीतून, बत्तीस हजार रुपयांचे स्पोर्ट्‌स घड्याळ कॉलेज रोडवरील दुकानातून घेतले. यंदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फर्मवेअरचे, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या आतल्या आज्ञावलीचे, नवे अपडेट रात्रीतून आपोआप बसले. तेव्हापासून नऊ दिवस पुरणारी बॅटरी तीन दिवसांत संपते, गोदापार्कच्या काठाने धावले तर नकाशावरची रेघ नदीच्या पात्रातून जाते, आणि सावकाश धावतानाही हृदयाचे ठोके 172 ते 174 दिसतात. या आकड्यांच्या भीतीने त्यांनी जानेवारीतील अर्धमॅरेथॉनचा सराव निम्म्यावर आणला आहे. श्रावणात एकदा काचेच्या आत वाफ धरली होती, ती दोन दिवसांत गेली. खालचे डावे बटण तेव्हापासून थोडे जड लागते, असेही त्या लिहितात. कंपनीच्या मदत केंद्राने ‘पुढच्या अपडेटपर्यंत थांबा’ असे कळवले आहे. सातपूरच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या त्यांच्या यजमानांच्या मते हा लॉटच खराब निघाला आहे, कारण धावण्याच्या गटातील आणखी चौघांची घड्याळे त्रास देत आहेत. दीर सुचवतात, की अपडेटचे काही न सांगता घड्याळ विकून मोकळे व्हावे. नवे मॉडेल खपवण्यासाठी कंपनीने हे मुद्दाम केले असेल का, भांडावे की विकावे, आणि सराव कशाच्या आधारे करावा, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझे लक्ष एका वाक्यावर थांबले, जे तुम्ही शेवटी, जवळजवळ जाता जाता लिहिले आहे. श्रावणात काचेच्या आत वाफ धरली होती. बाकीचे पत्र नोव्हेंबरच्या अपडेटविषयी आहे, पण ही वाफ त्याच्या तीन महिने आधीची आहे, आणि कोणत्याही अपडेटने काचेआड ओल शिरत नाही. तुमच्याजवळ दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक आज्ञावलीची आणि एक बांधणीची, आणि तुम्ही त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. त्यामुळे मदत केंद्राला दोन्हींचे उत्तर एका वाक्यात देणे सोपे गेले. माझ्या मते ज्या तक्रारीला तुम्ही किरकोळ समजलात, तीच तुमची अधिक भक्कम तक्रार आहे.

अशा घड्याळांवर बहुधा ‘5 एटीएम’ किंवा ‘50 मीटर’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ पन्नास मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब नवे घड्याळ चाचणीत सहन करते, एवढाच. घड्याळ घालून तेवढे खोल जावे असा नव्हे. तरीही असे लिहिलेले घड्याळ नाशिकच्या पावसात आणि घामात आतून ओलावता कामा नये, ही अपेक्षा रास्त आहे. पाणी अडवण्याचे काम काचेभोवतीचा, पाठीच्या झाकणाचा आणि प्रत्येक बटणाच्या दांडीवरचा रबरी सील करतो. सील नीट बसलेला नसेल, किंवा घाम, साबण आणि गरम पाण्याने तो कडक झाला असेल, तर बाहेर गारवा आला की आत शिरलेली ओल काचेवर धरते आणि ऊन मिळाले की नाहीशी झाल्यासारखी वाटते. नाहीशी झाली म्हणजे ती बाहेर गेलीच असे नाही. ती आत राहून जोडांवर हळूहळू गंज चढवू शकते. त्याच सुमारास बटण जड झाले, हा मला योगायोग वाटत नाही. उघडून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण घड्याळ कोणी तरी उघडून पाहावे, आणि ते वॉरंटीत असतानाच पाहावे, हे मी ठामपणे सांगेन.

इथे तारखेचा प्रश्न येतो. तुमची वॉरंटी एक वर्षाची असेल, तर ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. ‘पुढच्या अपडेटपर्यंत थांबा’ हे उत्तर देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण ते अपडेट फेब्रुवारीत आले तर तुमचे दार बंद झालेले असेल. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्यावर सायकल चालवताना माझ्या घड्याळाच्या काचेआड असेच धुके धरले. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने घड्याळ हातात घेऊन, उन्हाकडे धरून, ‘सुकेल मॅडम, नाही सुकले तर आणा’ असे अगदी आपुलकीने सांगितले. मी कागद मागितला नाही. हिवाळ्यात पडदा बंद पडला तेव्हा वॉरंटी संपून दोन आठवडे झाले होते, आणि मी आधी येऊन गेल्याची त्यांच्याकडे एका ओळीचीही नोंद नव्हती. ते घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे, आणि तो न मागितलेला कागद मला आजही सलतो.

म्हणून तुम्ही याच आठवड्यात घड्याळ सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन जा आणि जॉब शीट, म्हणजे तक्रारीची त्यांनी दिलेली लेखी नोंद, घेतल्याशिवाय परतू नका. त्या कागदावर ‘अपडेटनंतर बिघाड’ एवढेच लिहू देऊ नका. ‘ऑगस्टमध्ये काचेच्या आत ओल दिसली, तेव्हापासून खालचे डावे बटण जड आहे, सील आणि दाबाची चाचणी करावी’ असे तुमच्या शब्दांत लिहून घ्या, आणि सिरीयल नंबर व तारीख त्यावर आहे याची खात्री करा. तोच मजकूर त्याच दिवशी कंपनीला आणि दुकानदाराला ई-मेलने पाठवा. श्रावणात वाफेचा फोटो काढून कोणाला पाठवला असेल, तर तो शोधा. मोबाईलमधल्या फोटोवर तारीख असते, आणि तुमच्या तक्रारीतला सर्वांत मोलाचा पुरावा कदाचित घरच्याच ग्रुपवर पडून असेल. ‘आत पाणी गेले आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही’ असे उत्तर आले, तर घाबरू नका, पण तोंडी स्वीकारूही नका. पन्नास मीटरचा दावा करून विकलेल्या वस्तूत पाणी कसे शिरले, याचे कारण त्यांना लेखी द्यायला सांगा.

आता अपडेटकडे वळू. तुमची धारणा अशी आहे, की अपडेटच्या आधीचे आकडे खरे होते आणि नंतरचे खोटे आहेत. ही धारणा मला तपासून घ्यावीशी वाटते, कारण त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती तुमच्या मनगटावर नव्हे, हवेत बदलली. नोव्हेंबरच्या मध्यावर निफाडचा पारा उतरू लागतो आणि पहाटेच्या नाशिकमध्ये हात गार पडतात. घड्याळ ठोके मोजते ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणाऱ्या प्रकाशात होणारा बदल टिपून. थंडीत त्वचेजवळचा रक्तप्रवाह कमी झाला, की ही लाट क्षीण होते, आणि मग हाताच्या हालचालीची लय तिच्यावर मात करते. घड्याळ ठोके मोजण्याऐवजी पावले मोजू लागते. बऱ्याच धावपटूंची पावले मिनिटाला 160 ते 180 च्या दरम्यान पडतात, आणि तुमचे 172 ते 174 त्यात अगदी चपखल बसतात. उद्या धावताना अर्धे मिनिट फक्त उजवे पाऊल मोजा आणि त्याला चाराने गुणा. उत्तर 172 च्या आसपास आले, तर घड्याळाने हृदयाचा नव्हे, पायांचा आकडा दाखवला असण्याची दाट शक्यता आहे. लगेच थांबून मानेजवळची नाडी पंधरा सेकंद मोजा आणि तिलाही चाराने गुणा. दोन्ही आकडे शेजारी लिहिले, की इतके दिवस छळणारी शंका पाच मिनिटांत सुटण्यासारखी आहे.

नव्या आज्ञावलीने ही गडबड वाढवली असेल, हेही शक्य आहे, कारण अपडेटमध्ये ठोक्यांचा हिशेब करण्याची रीतही बदलू शकते. पण आधी पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, धावताना एक भोक घट्ट बांधून, आणि घरातच दहा मिनिटे अंग गरम करून पाहा. छातीवर बांधायचा पट्टा कोणाकडून दोन दिवसांसाठी मिळाला तर अधिकच चांगले, कारण तो प्रकाशावर नाही, हृदयाच्या विद्युत संकेतावर चालतो आणि थंडीचा त्याला तेवढा त्रास होत नाही. एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी ठेवा: धावताना छातीत दडपण, धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला असेल, तर घड्याळाचा वाद बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात अशा लक्षणाचा उल्लेख नाही, भीती आहे ती आकड्याची. तरी 21 किलोमीटरच्या शर्यतीपूर्वी एकदा तपासणी करून घेणे या वयात शहाणपणाचे आहे, घड्याळ काहीही म्हणो.

नदीतून जाणाऱ्या रेघेचे सांगायचे, तर गोदापार्कचा रस्ता काठालगतच आहे. पंधरा मीटरची चूक कॉलेज रोडवर झाली, तर रेघ समोरच्या फुटपाथवर दिसते आणि कोणी लक्षही देत नाही. गोदापार्कवर तीच चूक पाण्यात पडते. मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरचा फरक सामान्य असतो, आणि काठावरच्या झाडांनी व उंच इमारतींनी तो वाढतो. यात अपडेटचा हात असू शकतो, आणि तो तपासण्यासारखा आहे. उपग्रह स्वतःच्या नेमक्या जागेची माहिती सेकंदाला अवघे 50 बिट इतक्या संथपणे पाठवतो; कामापुरती माहिती उतरायला 30 सेकंद, आणि साऱ्या उपग्रहांचे पूर्ण पंचांग उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून उपग्रह पुढच्या काही दिवसांत कुठे असतील, याच्या अंदाजाची फाइल घड्याळे मोबाईलवरून आधीच उतरवून ठेवतात. अपडेटनंतर मोबाईलशी जोडणी नीट झाली नसेल, तर ही फाइल शिळी राहते आणि पहिली काही मिनिटे घड्याळ चाचपडत राहते. धावायला निघण्याआधी मोबाईलशी सिंक करा, आणि उपग्रह सापडल्याची खूण आल्यावरही दोन मिनिटे उभ्या राहा. मग हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, एकाच फेरीचे पाच आवर्तन करा आणि मोबाईलवरही त्याच धावेची नोंद ठेवा. पाचही रेघा एकमेकींवर बसल्या, तर घड्याळ ठीक आहे. त्या विस्कटल्या आणि मोबाईलच्या नीट आल्या, तर तो पुरावा म्हणून जपून ठेवा.

बॅटरीबाबत थोडक्यात. अपडेटनंतरचा पहिला दिवस-दोन दिवस बॅटरी जास्त जाणे सामान्य आहे, पण तुमचे तीन आठवडे होत आले, त्यामुळे ते कारण संपले. मात्र अपडेट अनेकदा काही सोयी स्वतःहून सुरू करून ठेवते: पडदा सतत उजळ ठेवणे, रात्रभर रक्तातील ऑक्सिजन मोजणे, उपग्रहांच्या दोन लहरी एकाच वेळी ऐकणे. या तिन्ही बंद करा, घड्याळ पूर्ण चार्ज करा, आणि धाव न मोजता चोवीस तासांत किती टक्के उतरते ते लिहून ठेवा. त्यानंतरही तीन दिवसच टिकली, तर बॅटरीची तक्रारही जॉब शीटवर जायला हवी, कारण ओल शिरलेल्या घड्याळात तिचे कारण आज्ञावलीबाहेरही असू शकते.

कोणी तुम्हाला सगळे पुसून नव्याने सुरू करायला, म्हणजे फॅक्टरी रीसेट करायला सांगेल. तो उपाय पुष्कळदा लागू पडतो, पण आधी घड्याळाच्या माहितीच्या पानाचा, आवृत्तीच्या क्रमांकाचा आणि बॅटरीच्या आलेखाचा फोटो काढा, धावांच्या फाइली उतरवून ठेवा, आणि मगच पुसा. रीसेटने बिघाड गेला, तर तो आज्ञावलीचा होता हे कळते. गेला नाही, तर निदान तुमची बाजू पुसली जात नाही. जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याची सोय बहुतेक कंपन्या देत नाहीत, त्यामुळे यापुढे आपोआप अपडेट होण्याची खूण काढून टाका आणि नवे अपडेट आले की दहा दिवस इतरांचा अनुभव पाहून मगच बसवा. शर्यतीच्या महिन्यात तर अजिबात बसवू नका.

तुमच्या यजमानांच्या मताकडे आदराने पाहून एक प्रश्न विचारते, आणि तो त्यांच्याच धंद्यातला आहे. सातपूरच्या कारखान्यात पाच तुकडे परत आले, म्हणून लॉट नाकारता येतो का? ते आधी विचारतील, की किती तुकड्यांपैकी पाच, एकाच लॉटमधले का, आणि दोष एकच आहे का. गटातल्या चौघांची घड्याळे याच मॉडेलची आहेत का, त्यांचे सिरीयल नंबर जवळपासचे आहेत का, आणि त्यांनी आणखी किती जणांना तेच घड्याळ विनातक्रार वापरताना पाहिले आहे, हे विचारा. ज्याचे घड्याळ नीट चालते तो गटात त्याविषयी बोलत नाही, त्यामुळे आपल्याला नेहमी बिघाडच अधिक ऐकू येतो. आज्ञावलीची चूक आणि बांधणीची चूक पसरण्याची रीतही निराळी असते. 28 जानेवारी 2025 रोजी एका मोठ्या कंपनीची घड्याळे जगभरात एकाच दिवशी निळ्या त्रिकोणाच्या चित्रावर अडकून पडली. कारण उपग्रहांविषयीची एक सदोष फाइल होती, आणि बहुतेक घड्याळे बंद-चालू करून, सिंक करून किंवा रीसेट करून पूर्ववत झाली. आज्ञावलीची चूक अशी सर्वांना एकदम गाठते आणि एकदम सुटते. सीलची चूक मात्र एकेका घड्याळाला, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या पावसात गाठते. चौघांपैकी कोणाच्या काचेआडही वाफ धरली होती का, एवढे विचारा; उत्तर होकारार्थी आले, तर यजमानांचे म्हणणे खरे ठरू शकते, आणि मग पाच जणांनी मिळून केलेल्या तक्रारीचे वजन फार वेगळे असेल.

कंपनीने मुद्दाम केले का, या प्रश्नावर मी तुम्हाला वेळ घालवू नका असेच सांगेन. हेतू सिद्ध करणे तुमच्या हाती नाही, आणि कायद्याने त्याची गरजही नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये वस्तूच्या गुणवत्तेतील किंवा दर्जातील कोणतीही उणीव ‘दोष’ या व्याख्येत येते. ती कोणी मुद्दाम ठेवली की नजरचुकीने राहिली, याला तिथे महत्त्व नाही. जॉब शीट मिळूनही समाधान झाले नाही, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मराठीतही बोलता येते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. तेही निष्फळ ठरले, तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि वस्तूची तपासणी गरजेची असेल तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. घड्याळ बनवणारी कंपनी आणि विकणारा दुकानदार, दोघांनाही पक्षकार करा. बत्तीस हजारांसाठी एवढे करावे का, असे घरात कोणी म्हणेल. त्या पैशात तुमच्या किती महिन्यांची काटकसर आहे, ते तुम्हालाच ठाऊक आहे.

दीरांची सूचना मात्र स्वीकारू नका. अपडेटचे न सांगता विकणे एक वेळ लोक चालवून घेतील, पण त्या काचेआडची ओल तुम्हाला माहीत आहे, आणि ती न सांगता घड्याळ दुसऱ्या कोणाच्या मनगटावर जाईल. घेणारी व्यक्तीही कदाचित तुमच्यासारखीच महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकून धावायला लागलेली असेल. दुरुस्त होऊन किंवा बदलून मिळाल्यावर, जॉब शीटची प्रत सोबत देऊन विकायचे असेल, तर त्यात काहीच गैर नाही, आणि किंमतही बरी येईल.

घड्याळ सर्व्हिस सेंटरमध्ये दोन-तीन आठवडे राहील, याची तुम्हाला चिंता वाटेल, कारण शर्यत जवळ आहे. उलट तेच दिवस सरावाला बरे जातील, असे मला वाटते. सावकाश धावेचे माप म्हणजे शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येणे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. अंतरासाठी मोबाईल पुरेसा आहे, तो कमरेच्या पट्ट्यात ठेवा. निम्म्यावर आणलेला सराव एकदम पूर्ववत करू नका. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा, आणि या रविवारी किती जमते ते गोल्फ क्लबवर, गटासोबत, गप्पा मारत पाहा. शुक्रवारपर्यंत घड्याळ देऊन झाले, तर त्या चौघांना सिरीयल नंबर विचारायलाही तीच वेळ सोयीची आहे.